लेकराला खरं सांगूया : आजी देवाघरी गेली नाही



१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या आजा-पणज्यांनी देव्हारे रिकामे केले. नवस सोडले, उपास सोडले, पिंडदान आणि श्राद्धपक्ष सोडले. आजही मयताच्या पत्रिकेवर आपण ‘स्वर्गीय’ किंवा ‘कैलासवासी’ लिहीत नाही, ‘कालकथित’ लिहितो. पण घरात मयत झालं आणि चार-पाच वर्षांचं लेकरू पदर ओढून विचारू लागलं, ‘आजी कुठं गेली?’, की आपल्याच तोंडून पटकन निघतं, ‘देवाघरी गेली, बाळा.’ घरातला देव गेला, जिभेवरचा राहिला.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असं कुणी विचारील. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात वर्षं काढली. आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करतो. मयताच्या घरी मोठ्यांची विचारपूस होते. विधवेला पाणी पाजतात, म्हाताऱ्याला आधार देतात. लेकराला मात्र शेजारच्या खोलीत टीव्हीसमोर बसवतात. ‘त्याला काय कळतंय?’ असं म्हणतात. मग दोन-तीन आठवड्यांनी तेच लेकरू दवाखान्यात येतं. रात्री अंथरूण ओलं करतं, पोट दुखतं म्हणतं, आईचा पदर सोडत नाही, झोपायला घाबरतं. पोटात काहीच नसतं. त्याच्या डोक्यात एक प्रश्न अडकून पडलेला असतो आणि त्याचं खरं उत्तर त्याला कुणी दिलेलं नसतं. म्हणून हा आरोग्याचा विषय आहे, आणि तितकाच धम्माचाही.

गोड खोट्याचं काय होतं

लहान मूल शब्द जसाच्या तसा धरतं. ‘आजी झोपली’ म्हटलं की त्याला झोपेची भीती बसते. आपण झोपलो तर आपल्यालाही उचलून नेतील, असं त्याला वाटतं. ‘आजी गावाला गेली’ म्हटलं की ते वाट बघतं. दिवाळीला येईल, मे महिन्यात येईल, आणि आली नाही की आजी आपल्याला सोडून गेली असं धरून बसतं. ‘देवाने नेलं’ म्हटलं की त्या देवाचीच धास्ती वाटते, उद्या आईलाही नेईल म्हणून. ‘देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून लवकर बोलावतो’ असं सांगितलेल्या एका सहा वर्षांच्या पोरीने आमच्यासमोर आईला विचारलं होतं, ‘मग मी चांगलं वागू नको का?’ तिचा हिशेब बरोबरच होता. बोलणं आपलं चुकतं.

हल्लीचे शब्दही तसलेच. ‘ऑफ झाली’, ‘एक्सपायर झाली’. ऑफ पंखा होतो, एक्सपायर औषधाची बाटली होते. लेकराला त्यातून काय कळणार?

आपल्या समाजात आणखी एक नवीन गोड खोटं तयार झालंय, त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. देवाचं नाव घ्यायचं नाही म्हणून काही घरांत सांगतात, ‘आजी बाबासाहेबांकडे गेली’, ‘आजोबांना रमाईने बोलावलं’, ‘वरून बघतायत, खोड्या केल्यास तर रागावतील’. देवाच्या जागी बाबासाहेबांना आकाशात बसवलं, एवढाच फरक. ज्या माणसाने आयुष्यभर आपल्याला पुराव्याशिवाय काही मानू नका म्हणून शिकवलं, त्यांच्याच नावाने आपण स्वर्ग बांधतोय. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. म्हणूनच तर दरवर्षी लाखो माणसं चैत्यभूमीवर जातात. ते नाहीत हे माहीत असूनही जातात. हे लेकराला सांगता येतं, आणि ते त्याला समजतंही.

कोणत्या वयाला काय कळतं

साधारण पाच वर्षांपर्यंत मुलाला वाटतं की मेलेलं माणूस परत येतं. सकाळी सांगितलं तरी संध्याकाळी पुन्हा विचारतं, ‘आजी कधी येणार?’ तेव्हा चिडू नका. तेच उत्तर त्याच शब्दांत पुन्हा द्या. पाच ते नऊच्या दरम्यान हळूहळू कळतं की मेलेलं माणूस परत येत नाही. पण मरण म्हाताऱ्यांना येतं, दुसऱ्यांना येतं, आपल्याला नाही, असं वाटत असतं. नऊ-दहा वर्षांनंतर मोठ्यांसारखं कळू लागतं की मरण सगळ्यांना आहे आणि त्याला शरीरातलं काहीतरी कारण असतं. तेरा-चौदाची पोरं रडत नाहीत, उलट उद्धट वागतात, घराबाहेर राहतात. तेही दुःखच असतं.

आणखी एक गोष्ट सगळ्या वयांत दिसते. मुलाला वाटतं की हे आपल्यामुळे झालं. ‘मी आजीला मर म्हणालो होतो’, ‘मी औषधाची बाटली सांडली होती’. हे ते स्वतःहून बोलत नाही. म्हणून न विचारताही सांगायचं, ‘तुझ्या बोलण्याने, तुझ्या रागाने कुणी मरत नाही. तुझी यात काही चूक नाही.’ हे वाक्य दहा वेळा सांगितलं तरी जास्त होत नाही.

मग सांगायचं कसं

त्याला मांडीवर किंवा जवळ घेऊन बसा. घरातल्या जवळच्या माणसानेच सांगावं, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कळू देऊ नये. शब्द साधे ठेवा. ‘आजी वारली. वारली म्हणजे मेली. तिचं हृदय फार थकलं होतं, ते बंद पडलं. आता ती श्वास घेत नाही, बोलत नाही. तिला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, गुडघे दुखत नाहीत. ती परत येणार नाही. आम्हाला पण खूप वाईट वाटतंय.’ एवढं पुरे. मग गप्प बसा आणि त्याला विचारू द्या. काही मुलं लगेच खेळायला पळतात. त्यांना निर्दय म्हणू नका. मूल दुःख घोटा-घोटाने पितं.

अंत्यविधीबद्दल आधीच सांगा. ‘आजीला जाळलं’ हे कानावर पडलं की मुलाच्या अंगावर काटा येतो, कारण चटका काय असतो ते त्याला माहीत आहे. म्हणून सांगायचं की मेलेल्या शरीराला काही लागत नाही, दुखत नाही. मातीला न्यायचं की नाही हे मुलाला विचारून ठरवा. जायचं असेल तर तिथं काय दिसेल ते आधी सांगा आणि एक मोठं माणूस फक्त त्याच्यासोबत ठेवा. नको म्हणालं तर जबरदस्ती नको, आणि ‘भित्रा’ म्हणून हसणंही नको.

मग येतो सगळ्यात अवघड प्रश्न : ‘आई, तू पण मरणार?’ इथं ‘छे, मी कधीच मरणार नाही’ म्हणू नका. म्हणा, ‘सगळेच कधी ना कधी मरतात. पण मी आज ठणठणीत आहे. मला तुला मोठं झालेलं बघायचंय. आणि मला काही झालंच, तर बाबा आहेत, मावशी आहे, तुझ्याकडे बघणारं माणूस नेहमी असेल.’ लेकराला या प्रश्नातून जाणून घ्यायचं असतं की आपल्याला भाकर कोण देईल, शाळेत कोण सोडेल. त्याचं उत्तर त्याला आधी द्या.

कारण लपवू नका

‘देवाची मर्जी’ म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात. वस्तीतल्या आपल्या माणसांना ते परवडणारं नाही.

बाप टीबीने गेला, तर लेकराला टीबी हा शब्द कळू द्या. हा आजार जंतूचा आहे, पापाचा नाही. साधा टीबी सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, मध्येच सोडायच्या नसतात. घरात टीबीचा पेशंट निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायची असते आणि लहान मुलांना तर आजार होऊ नये म्हणून आधीच गोळ्या देतात. ‘देवाने नेलं’ म्हणणाऱ्या घरात ही तपासणी राहून जाते.

विदर्भात आपल्या समाजातही सिकलसेल आहे. भाऊ त्याने गेला असेल तर बहिणीला कुणीतरी सांगतंच, ‘मागच्या जन्मीचं भोगलं पोराने.’ आपण सांगायचं की हा आजार आई आणि बाप दोघांकडून रक्तातून आला. कुणी पाप केलं म्हणून नाही. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मागच्या जन्मीचं कर्म या जन्मी भोगावं लागतं, ही कल्पना नाकारली आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला त्याचं मोल कळतं.

बाप गटारात उतरला आणि वायूने गुदमरून गेला, तर तेही सांगा. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. ‘बाबांना नियम मोडून आत उतरवलं, ती उतरवणाऱ्यांची चूक होती, बाबांची नाही’ हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला समजतं. ते मूल बापाची लाज न बाळगता मोठं होतं. देवाच्या मर्जीपुढे कुणाला जाब विचारता येत नाही, ठेकेदाराला विचारता येतो.

कुणी स्वतःचा जीव दिला असेल तर? तपशील सांगायची गरज नाही, पण खोटंही बोलू नका. वस्तीत दुसरं कुणीतरी त्याला सांगतंच, आणि मग ते आपल्यावर विश्वास ठेवत नाही. ‘काकाचं मन आजारी होतं. त्याला मदत हवी होती. तो तुझ्यावर रागावून गेला नाही’ एवढं सांगा.

शाळेत आणि गल्लीत

मयताचं दुःख एकीकडे, आणि दुसरीकडे शाळेतली पोरं म्हणतात, ‘तुम्ही देव मानत नाही, तुझी आजी नरकात जाणार.’ असं ऐकून आलेल्या लेकराला आधी जवळ घ्या. मग सांगा, ‘नरक आणि स्वर्ग आपण मानत नाही. तिच्या घरी मानतात, म्हणून ती तसं बोलली. आजीला आता काहीही दुखत नाही.’ त्याला एक वाक्य पाठ करून द्या, ‘आमच्याकडे असं मानत नाहीत.’ तेवढं बोलून खेळायला लागायचं. भांडायची गरज नाही.

पण दुसरी बाजूही सांभाळा. मैत्रिणीचं बाळ गेलं आणि तिची आई ‘देवाघरी गेलं’ म्हणून रडतेय, तेव्हा आपल्या पोरीने तिथं ‘देव नसतो’ म्हणून ज्ञान देऊ नये. बावीस प्रतिज्ञा आपण स्वतःसाठी घेतल्या. दुसऱ्याच्या दुःखात घुसून वाद घालण्यासाठी नाही. शेजारणीच्या घरी जाऊन पाणी भरून देणं, तिच्या लहानग्यांना जेवू घालणं, यात करुणा दिसते. मूल तेच बघून शिकतं.

आपल्याच घरात आजी अजून मरीआईला हात जोडते, मामाकडे खंडोबा आहे. असं पुष्कळ घरांत आहे. लेकरासमोर आजीची टिंगल करू नका. ‘आजी लहान होती तेव्हा तिला असं शिकवलं. आपण असं मानतो. तू मोठा झालास की वाच, विचार कर आणि ठरव.’ संविधानाच्या २५ व्या कलमाने सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य प्रत्येकाला दिलंय. आपलं मूलही त्यात आलं.

मग आधार कशाचा?

आम्हाला वस्तीत बाया विचारतात, ‘ताई, देवाघरी गेली म्हटलं की पोरगं शांत तरी होतं. तुमच्या खऱ्याने काय होणार?’ प्रश्न रास्त आहे. स्वर्ग मानणाऱ्यांकडे पुन्हा भेट होईल ही आशा असते. आपल्याकडे ती नाही. ‘आजी पुन्हा भेटणार नाही’ हे वाक्य बोलताना आईचाही गळा दाटतो. हे कठीण आहे, हे मान्य करूनच पुढे बोलूया.

किसा गोतमीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. बाबासाहेबांनीही ती आपल्या ग्रंथात घेतली आहे. मेलेलं बाळ कडेवर घेऊन ती औषध मागत फिरली. बुद्धांनी तिला सांगितलं, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आण. प्रवचनात आपण म्हणतो की यातून तिला मरण अटळ असल्याचं कळलं. ते खरंच. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बुद्धांनी तिला एकटं बसवून उपदेश केला नाही. दारोदार पाठवलं. प्रत्येक दारात तिला कुणीतरी आपलं माणूस गमावलेलं भेटलं. ती आपलं दुःख घेऊन माणसांत गेली, तेव्हा बाळ खाली ठेवू शकली. बुद्धांनी तिला देवाने नेलं म्हणून सांगितलं नाही, आणि रडू नकोस असंही म्हटलं नाही.

बाबासाहेब आणि रमाईंची चार लेकरं लहानपणीच गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी १९२६ मध्ये राजरत्न. पाचांपैकी यशवंतराव एकटे जगले. राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी आपल्या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात हे दुःख लपवलं नाही. आपल्या पोरांना, विशेषतः मुलग्यांना, ‘रडतोस काय, भीमाचा बछडा ना तू?’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. रडणं म्हणजे कमजोरी नाही.

तेव्हा आपला आधार माणसांत आहे, आणि तो आपल्या विधींतही आहे. फक्त त्यात लेकराला जागा द्या. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी पोरांना बाहेर खेळायला पाठवू नका. त्रिशरण-पंचशील त्यांना पाठ असतं, त्यांनाही म्हणू द्या. आजीच्या फोटोसमोर मेणबत्ती नातीला लावू द्या. शोकसभेत सगळे पुढारी दहा-दहा मिनिटं बोलतात, त्याआधी नातवाला एक वाक्य बोलू द्या, ‘आजी मला शेंगदाण्याचा लाडू द्यायची.’ आजीच्या नावाने विहारातल्या वाचनालयाला पुस्तक द्यायचं असेल तर ते लेकराच्या हातून द्या. पत्रिकेवर ‘कालकथित’ का लिहिलं, ‘स्वर्गीय’ का नाही, हे त्याला त्याच दिवशी समजावून सांगा. त्या दिवशी शिकलेला धम्म ते विसरणार नाही.

आणि आजी कुठं उरली, हे विचारलं तर खोटं बोलायची गरजच नाही. ‘तुझं नाक बघ, आजीसारखं आहे. तिची भाजी आपण तिच्याच पद्धतीने करतो. तिने मोलमजुरी करून आईला शिकवलं म्हणून आज तू शाळेत जातोस.’ हे सगळं खरं आहे आणि लेकराला दिसणारं आहे. वर्ष झालं की पुण्यस्मरणाच्या दिवशी तिच्या गोष्टी पुन्हा सांगा. तिचं नाव घरात घेत राहा. आई रडेल म्हणून मूल आजीचं नाव घेत नाही, आणि मूल रडेल म्हणून आई घेत नाही. अशी गप्प घरं आम्ही खूप पाहिली. त्यात दोघंही एकटी पडतात.

कधी मदत घ्यायची

काही आठवडे झोप, भूक, अभ्यास बिघडणं साहजिक आहे. पण मूल महिन्यानंतरही नीट जेवत-झोपत नसेल, शाळेत जायला तयार नसेल, कुणाशीच बोलत नसेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. ‘मला आजीकडे जायचंय’, ‘मला मरायचंय’ असं म्हणत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा फोन नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. मूल अडचणीत असेल, त्याला सांभाळणारं कुणी उरलं नसेल, तर १०९८ वर फोन करा. भगताकडे, उतारा टाकायला नेऊ नका. लेकराला कुणी लागलेलं नसतं, त्याला कुणीतरी हवं असतं.

विहाराच्या महिला मंडळांना आमची एक विनंती. बालसंस्कार शिबिरात गाणी, भाषणं, प्रश्नमंजूषा होतात. त्यात एक तास मरणावर बोलण्यासाठी ठेवा. मयत होण्याची वाट बघू नका. अंगणातलं मेलेलं फुलपाखरू, वाळलेलं पान दाखवूनही अनिच्च शिकवता येतं. आणि वस्तीत मयत झालं की मंडळातल्या एका बाईने फक्त त्या घरातल्या लेकरांकडे लक्ष द्यायचं, असं आधीच ठरवून ठेवा. तिने त्यांना जेवू घालावं, जवळ बसवावं आणि विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं. याला पैसा लागत नाही. या महिन्याच्या बैठकीत तिचं नाव ठरवा.

नमो बुद्धाय. जय भीम.